हात पोचत नाही ती जागा

८ जानेवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. एवढा शिकलास, पण अक्षर अजून मुंग्यांची रांग! मी तशी बरी आहे. नागीण होऊन चार महिने झाले, फोड वाळले, खपल्याही पडल्या. पण पाठीला ब्लाउज टेकला की चटका बसतो. डॉक्टर म्हणतात, कातडी स्वच्छ आहे, कशात तरी मन रमवा. दिवसभर लोकांच्या पाठी मोजून कपडे शिवते, आणखी किती रमवू? तू दुखण्याचंच संशोधन करतोस, तर खरं सांग, हे माझ्या मनाचे खेळ आहेत का? तुझे भाऊजी असते तर त्यांच्यापाशी नुसती कुरकुर केली असती आणि भागलं असतं.

वेळेवर जेवत जा. माया आहेच, विचारायला नको.

तुझी ताई

१९ जानेवारी

ती. स्व. ताईस सा. न. वि. वि.

मनाचे खेळ अजिबात नाहीत. कातडीचा निरोप आधी पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत येतो, मग मेंदूकडे जातो. तिथं मज्जातंतूंच्या टोकांतून न्यूरोपेप्टाइड नावाची रसायनं सुटतात. काही निरोपाचा आवाज चढवतात, काही उतरवतात. नागिणीने तंतू दुखावले की हा तोल बिघडतो आणि कापडाचा नुसता स्पर्श वर पोचेपर्यंत चटका होतो. पंधरा वर्षं मी उंदरांच्या मज्जारज्जूचे काप रंगवून हेच बघतोय.

तुझ्या डॉक्टरांना लिहिलं आहे, ते या दुखण्यावरची गोळी देतील. सोबतच्या डबीत काड्यांना लावलेले नायलॉनचे सात केस आहेत. पहिला सगळ्यात मऊ, सातवा सगळ्यात ताठ. दर रविवारी दुखऱ्या जागी पहिल्यापासून एकेक केस वाकेपर्यंत टेकव आणि कितव्याला चटका बसला ते कळव; आकडा जितका मोठा, तितकं दुखणं कमी. उंदरांना आम्ही असंच करतो. रागावू नकोस, लोभ ठेव.

तुझा धाकटा

२४ मार्च

ती. स्व. ताईस सा. न. वि. वि.

कमाल केलीस! दोनपासून सुरुवात, मग तीन, पाच, सहा आणि या रविवारी सातव्यालाही काही नाही. तुझ्या आकड्यांचा आलेख काढून टेबलासमोर लावलाय. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, हा कुठला उंदीर, तर म्हटलं, आमची ताई. आलेख डॉक्टरांनाही पाठवला. पुढच्या आठवड्यापासून गोळी कमी करत बंद करू म्हणाले. लोभ आता जास्तच असावा, काम केलंय मी!

तुझा धाकटा

३१ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

गोळी बंद करू नका. तिच्यामुळे निदान अंगावर कपडा सहन होतो.

आकडे खोटे नाहीत रे. नागिणीचा पट्टा पाठीपासून पुढे बरगडीखाली आला होता. त्या पुढच्या टोकाला मी केस टेकवत होते. तिथलं खरंच बरं झालंय. दुखतं ते मागे, खांद्याच्या पात्याखाली, आणि तिथं माझा हात पोचत नाही. आरशात बघून केलं, तर केस भलतीकडेच. गिऱ्हाइकांची मापं घेणारी मी, त्यांच्यापुढे पाठ कशी उघडी करू? शेजारीण चांगली आहे, पण तिच्याकडे कधी वाटीभर साखरसुद्धा मागितली नाही.

आणि तुझं पत्र आठवड्याला यायला लागलं होतं. आकडा पाठवला नाही तर ते थांबेल असं वाटलं. चुकलंच माझं. राग धरू नकोस.

तुझी ताई

५ एप्रिल

ती. स्व. ताईस सा. न. वि. वि.

डॉक्टरांशी बोललो, गोळी चालू राहील. आलेख काढून टाकला.

आमच्याकडे एक जण केस टेकवतो आणि दुसरा आकडा लिहितो. एकट्याने हे काम आम्ही कधी करतच नाही. तरी तुला कृती लिहिताना तुझ्या घरात दुसरं माणूस नाही हे माझ्या डोक्यात आलं नाही. भाऊजींना जाऊन सहा वर्षं झाली आणि त्यानंतर मी एकदाही तुझ्या दारात उभा राहिलो नाही. मला स्वतःची फार लाज वाटली, ताई.

शनिवारी सकाळी येतोय. रविवारी केस मी टेकवतो, आकडा तू लिही. एक आला तरी पत्र येतच राहील.

तुझा धाकटा