पाण्याचा भोंगा

१९ ऑगस्ट

आज दुकान उघडलं. दुकान चढावर आहे, आत थेंब शिरला नाही. काचा, फ्रेमा, भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता — सगळं जिथल्या तिथे. बघून बरं वाटायला हवं होतं. राग आला.

गिऱ्हाइकं बरीच होती. पुरात चष्मे गेलेली. एकजण हसत म्हणाला, "तुमची तर चांदी आहे सध्या." शेजारच्याने त्याला कोपराने ढोसलं, कानात काहीतरी सांगितलं. बिचारा खुर्चीत आक्रसून बसला. मी त्याचा नंबर काढला. खालची ओळ वाचायला सांगितली. वाचली त्याने.

मुलगी सकाळच्या गाडीने गेली. जाताना ही वही टेबलावर ठेवली. "बाबा, बोलणार नाहीच तुम्ही. निदान लिहा."

२१ ऑगस्ट

काय झालं ते एकदा सरळ लिहून टाकतो.

दोन वर्षं पाऊस नव्हता. धरणाचा तळ भेगाळला होता. नळाला आठवड्यातून कधीतरी पाणी, आणि तेही केव्हा येईल याचा नेम नाही. वरच्या मजल्यांवर चढायचं नाही, म्हणून सगळ्या इमारतीने खाली पार्किंगमधल्या नळावर भरायचं. पार्किंग रस्त्यापेक्षा खाली, जवळजवळ तळघरच.

नदीकाठी पुराचे भोंगे होते. नदीच कोरडी, त्यामुळे वर्षानुवर्षं मुके. पाणीपुरवठ्यातल्या कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं — पडूनच आहेत, तर पाणी सोडलं की वाजवू या! लोक खूश झाले. आम्हीही झालो. भोंगा वाजला की जिन्यात बादल्यांचा खडखडाट. ही तर हातातलं काम टाकून पळायची. त्याचं नावच पडलं, पाण्याचा भोंगा. पोरं खेळताना तो आवाज काढायची. तो मुळात कशासाठी बसवला होता हे कुणाच्या डोक्यातही उरलं नव्हतं.

यंदा पडला तो असा, की एका मोसमाचा पाऊस दोन दिवसांत. धरण भरत आलं तरी वरचे साहेब पाणी सोडेनात. दोन वर्षांचा धसका! थेंब सोडायचा नाही, काठोकाठ भरू द्यायचं. मग वरून आणखी लोंढा आला, आणि सगळे दरवाजे एकदम उघडावे लागले.

आणि भोंगा वाजवला. तोच.

धरण भरल्याची बातमी सकाळीच सगळीकडे झाली होती. भरलं धरण, वाजला भोंगा — म्हणजे काय? पाणी आलं! जे घरात होते ते बादल्या घेऊन निघाले. आमच्या इमारतीतले बरेच जण अजून जिन्यातच होते तेवढ्यात लोंढा पार्किंगमध्ये घुसला. खाली पोचलेल्या दोघी परत आल्या नाहीत. वॉचमनची बायको, आणि ही.

मी दुकानात होतो. भोंगा मीही ऐकला. मनात म्हटलं, बरं झालं, सुटली बिचारी एकदाची.

पाण्याच्या वणवणीतून, असं म्हणायचं होतं मला.

२२ ऑगस्ट

मोरीत, ओट्याखाली, पलंगाखाली — हिने भरून ठेवलेलं पाणी. कळश्या, बाटल्या, बरण्या. लोणच्याच्या रिकाम्या बरणीतसुद्धा. मुलगी फोनवर म्हणाली, "ओतून टाका बाबा, शिळं झालं असेल." पाणी शिळं होतं म्हणे! फोन ठेवून दिला. मग वाईट वाटलं. परत लावला तर ती रडत होती.

२४ ऑगस्ट

नळाला पाणी आलं. भोंगा वाजवला नाही. कुणाला कळलं नाही, वाहून गेलं.

२६ ऑगस्ट

मेहुणा आला होता. हिचा धाकटा भाऊ. लिहायचं राहिलं — भोंग्याचं बटण ज्या खोलीत आहे तिथे हाच बसतो. त्या दिवशीही ड्यूटी याचीच होती.

दारातच उभा राहिला. बस म्हटलं नाही मी.

"भाऊजी, काही लागलं तर सांगा."

"लागतंय ना. चौकशी होणार आहे म्हणतात. तिथे उभं राहून सांग, पाण्याला आणि पुराला भोंगा एकच होता."

"साहेबांनी तोंड उघडायचं नाही म्हणून सांगितलंय. नोकरी जाईल."

"तुझी नोकरी! आणि तिचं?"

चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिला. "ताईनं..." एवढं म्हणाला आणि थांबला. मी वाट पाहिली. ताईनं काय? ताईनं याला शिकवलं, याच्या फिया भरल्या, नोकरीला लागला तेव्हा सगळ्या इमारतीला पेढे — नाही, साखर वाटली होती, पेढ्याइतके पैसे नव्हते आमच्याकडे तेव्हा.

गेला. जिन्यातून उतरताना कठडा धरून उतरत होता, म्हाताऱ्यासारखा. दया यावी म्हणून असेल. मला आली नाही.

२९ ऑगस्ट

पेपरात पहिला अहवाल आला आहे. "बदलत्या हवामानामुळे अभूतपूर्व वृष्टी झाली. वेळेत इशारा देऊनही काही नागरिकांनी त्याकडे दुर्लक्ष करून तळघरात प्रवेश केला."

म्हणजे दोषी दोन. ढग आणि ही.

ढगाला नोटीस बजावता येत नाही. हिलाही नाही. फाइल बंद करायला यापेक्षा सोयीचं काय?

दुर्लक्ष म्हणे! दोन वर्षं कान त्या भोंग्याकडे लावून बसायची. आंघोळीला गेली तरी मला बजावून जायची, लक्ष ठेवा हो. हिच्याइतकं लक्ष त्यांच्या अख्ख्या खात्याने दिलं असतं तर!

हवामान बदललं हे खरंच आहे. दोन वर्षं कोरड आणि मग एकदम लोंढा, असं आमच्या लहानपणी नव्हतं. पण हवामानाने भोंग्याचं बटण दाबलं नाही. हवामानाने धरणाचे दरवाजे धरून ठेवले नव्हते. बदललं हे एवढं ठाऊक होतं, तर तुम्ही काय बदललंत?

३० ऑगस्ट

जिन्यात सोसायटीचे चेअरमन भेटले. सांत्वनाचा आवाज काढून म्हणाले, "काय करणार हो, बायकांना पाणी म्हटलं की काही सुचत नाही."

हे गृहस्थ स्वतः पिंप घेऊन निघाले होते. पहिल्या मजल्यावर आठवलं की झाकण राहिलं, ते आणायला परत वर गेले, म्हणून आज जिन्यात उभे राहून अक्कल शिकवताहेत. झाकणाने वाचलेला माणूस!

तोंडावर म्हणालो नाही. मी कधीच म्हणत नाही. ही म्हणाली असती.

२ सप्टेंबर

चौकशीची तारीख लागली. मुलगी म्हणते वकील करा. नको म्हटलं. वकील काय सांगणार? तो कधी बादली घेऊन जिना उतरलाय?

मला फक्त एक वाक्य बदलून हवंय. हिने दुर्लक्ष केलं, हे वाक्य. बाकी त्यांचं त्यांना लखलाभ.

५ सप्टेंबर

काम होईना. एका बाईंच्या डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवली. त्या म्हणाल्या, "अहो, जग वाकडं दिसतंय." म्हटलं, ते तसंच आहे. मग माफी मागून बदलून दिली.

९ सप्टेंबर

आज चौकशी झाली.

शाळेच्या सभागृहात होती. भिंतीवर छातीइतक्या उंचीवर पुराचा चिखलाचा पट्टा अजून तसाच. त्याच्याखाली चौकशीचे साहेब बसले, समोर बाटलीबंद पाणी.

एकेकाला उभं करून विचारत होते, "भोंगा ऐकू आला होता का? हो की नाही?" हो म्हटलं की बसा. चेअरमन म्हणाले, "हो साहेब, स्पष्ट." बसले. त्यांच्यामागचा हो म्हणाला. त्याच्यामागची बाई हो म्हणाली. लिहिणारा भराभर लिहीत होता. एकेक हो म्हणजे हिच्यावर एकेक दगड, आणि टाकणाऱ्याला पत्ताच नाही!

माझी पाळी आली. उभा राहिलो.

"भोंगा ऐकू आला होता?"

"हो."

"बसा."

बसलो नाही. का ते मलाही कळलं नाही. एरवी रिक्षावाल्याशीही मी घासाघीस करत नाही. म्हणालो, "साहेब, ऐकू आला का ते विचारताय. कशाचा ऐकू आला ते विचारा."

ते म्हणाले, "म्हणजे?"

मी काही बोलायच्या आतच मागून एका बाईचा आवाज आला. "पाण्याचा! पाण्याचा भोंगा!" मग दुसरी. मग सगळं सभागृहच. "दोन वर्षं पाण्यालाच वाजवत होता की!" "आम्ही बादल्याच उचलल्या!" चेअरमनसुद्धा उभे राहून म्हणाले, "मी पिंप घेतलं होतं साहेब." माणसाला शरम असते म्हणायची.

साहेबांनी मेहुण्याला उभं केलं. त्याचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. "भोंगा एकच होता?"

त्याने त्याच्या साहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "एकच. वेगळा आवाज काढायची सोय नव्हती."

बोलला! मला वाटलं नव्हतं.

"मग तो ऐकून लोक पाणी भरायला खाली उतरतील, हे तुम्हाला सुचलं नाही?"

त्याने पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "नाही सुचलं."

बाहेर पडताना माझ्या बाजूला येत होता. मी पावलं उचलली. सुचलं नाही! त्या भोंग्याच्या बोडक्याशी रोज बसून सुचलं नाही! खरं बोललास, ठीक. पण घरात ये म्हणणार नाही मी तुला. कधीच नाही.

१६ सप्टेंबर

वाक्य बदललं. "भोंग्याच्या दुहेरी वापरामुळे गैरसमज होऊन सदर महिला पाणी भरण्यासाठी खाली गेल्या." मेहुण्याची आणि त्याच्या साहेबांची बदली झाली म्हणे. साहेबांची वरच्या जागेवर, याची लांब.

मुलगी म्हणाली, "जिंकलात बाबा."

हो. हिची चूक नव्हती, फसली बिचारी. कागदावर आलं. आता घरी येऊन कुणाला सांगायचं?

२७ सप्टेंबर

तळमजल्यावरच्या आजी दुकानात आल्या. पुराच्या संध्याकाळीच मुलगा त्यांना दुसऱ्या गावी घेऊन गेला होता, तेव्हापासून भेट नव्हती. चष्मा पुरात गेला, नवा करायला आल्या. तक्त्यासमोर बसल्या आणि अक्षरं वाचायचं सोडून रडायला लागल्या.

"मी नळाला बादली लावून बसले होते. तुझी बायको धावत आली, हात रिकामेच. बादली लाथेने उडवली माझी. म्हणाली, आजी उठा, पाणी नाही, पूर आलाय, भावाचा फोन आलाय! मला जिन्यापर्यंत ओढत आणलं, वर ढकललं, आणि वॉचमनच्या बायकोला हाका मारत परत आत गेली. तुला तिच्या भावानं सांगितलं असेल ना रे?"

म्हटलं, "हो आजी. खालची ओळ वाचा."

म्हणजे त्याला सुचलं होतं. बहिणीपुरतं.

त्या गेल्यावर दार लोटून घेतलं. काचा घासायला बसलो.