इल्मो माईकपुढे बोलतो

२ जून, रविवार

आणि वर इल्मो मलाच म्हणतो, "तू एकटीने जायचंस ना." एकटीने! काल शनिवार. वाफेच्या आंघोळीचा सौना तापवला मी. लाकडं आणली मी. बादल्या भरल्या, अंगावर झोडायला बर्चच्या कोवळ्या डहाळ्यांची जुडी बांधली, ती पण मीच. सहा वाजले, सात वाजले, तापलेले दगड परत गार व्हायला लागले आणि याचा पत्ता नाही. शेवटी उगवला — केस ओले! अंगाला परक्या घराच्या धुराचा वास! म्हणाला, तूलीच्या तळ्याकाठच्या घरी सराव होता, सराव झाल्यावर सगळ्यांनी तिथेच सौना घेतला.

लग्न झाल्यापासून याने शनिवारचा सौना कधी बाहेर घेतला नाही. त्याची आई वारली त्या आठवड्यातसुद्धा नाही. आणि आता तूलीकडे.

तूली म्हणजे ती व्हायोलिनवाली. तिशीची असेल. कमरेपर्यंत जाड वेणी. तिचा लोकगीतवाल्यांचा बँड वेगळा, आमच्या इल्मोचा वेगळा. पण पंधरा तारखेला जंगलातल्या नाचाच्या मंडपात दोघांचा मिळून कार्यक्रम आहे, म्हणून सराव एकत्र. म्हणे.

मी विचारलं, बायका आणि पुरुष एकत्रच बसलात का आत? तर खांदे उडवले. खांदे उडवणं हे काय उत्तर झालं?

४ जून, मंगळवार

धुलाईखान्यात आज सिर्काने डिवचलं. दिवसभर आम्ही दोघी समोरासमोर उभ्या असतो, दवाखान्याच्या चादरी यंत्रात घालायच्या आणि घड्या करायच्या — तोंड मोकळं असतं तिचं. म्हणाली, तिच्या सुनेने फोनवरच्या व्हिडिओत इल्मोला गाताना पाहिलं. "अगं, तो तर अस्वलासारखा गुरगुरतो! आणि समोर पोरी रडतात. तू गेलीस की नाही कधी ऐकायला?"

नाही गेले. त्याने बोलावलं नाही आणि मी विचारलं नाही. तीन वर्षांपूर्वी शाळेतले जुने चार सोबती जमवून त्याने हा बँड परत काढला, तेव्हा मला वाटलं, बर्फाला भोक पाडून मासे धरायला बसतात तसलंच काहीतरी. पुरुषांना घराबाहेर बसायला कारण लागतं. डूम मेटल म्हणतात त्यांच्या गाण्यांना. संथ, काळं, दुःखाचं. इल्मोला कसलं दुःख? आयुष्यभर ग्रेडर चालवला — हिवाळ्यात बर्फ ढकलायचं, उन्हाळ्यात खडीचे रस्ते सपाट करायचे. तक्रार नाही. शब्दच नाही, तर तक्रार कुठून येणार.

सिर्काला म्हटलं, पोरी रडत असतील तर कान दुखत असतील म्हणून.

घरी आल्यावर मात्र स्वतःशीच धुसफुसत बसले.

७ जून, शुक्रवार

जेवताना मीठ हवं असलं की हा बोट दाखवतो. आज दोनदा दाखवलं. दिलं नाही. अळणी बटाटे खाऊन उठला.

८ जून, शनिवार

आज घरी होता. सौन्यात नेहमीसारखे शेजारी शेजारी बसलो. मी तीन प्रश्न विचारले. तूलीचा नवरा कुठे असतो? तिच्याकडे अजून किती वेळा जायचंय? गाणी कोण लिहितं? प्रत्येक प्रश्नाला त्याने पळीभर पाणी घेतलं आणि दगडांवर टाकलं. फस्स! झालं उत्तर. शेवटच्या प्रश्नाला तर एवढं टाकलं की माझी कानशिलं भाजली.

मग डोळे मिटून काहीतरी गुणगुणत बसला. फार हळू. मी म्हटलं, काय आहे ते? म्हणाला, काही नाही.

त्या तूलीला हे "काही नाही" पूर्ण ऐकायला मिळत असणार. मी जाणार आहे पंधराला. याला सांगणार नाही.

१२ जून, बुधवार

पेट्रोलपंपावर तिकिटं मिळतात. गल्ल्यावरची पोरगी म्हणाली, "मावशी, हा जोडीने नाचायचा कार्यक्रम नाहीये, माहीत आहे ना?" म्हटलं, माहीत आहे, जो गुरगुरतो तो माझा नवरा आहे. तर ती जागची उठलीच! "इल्मो? खरंच? घरी कसा असतो तो?" आणि माझ्याबरोबर फोटो काढून घेतला. तिकिटाचे पैसे मात्र पुरते घेतले.

घरी कसा असतो! मला माहीत असतं तर सांगितलं नसतं का.

१६ जून, रविवार

लिहूनच काढते. नाही लिहिलं तर काहीतरी फोडीन.

काल तो बँडच्या व्हॅनमधून पुढे गेला. मग मी आमची गाडी काढली. मंडप तोच जुना, तळ्याकाठचा. याच मंडपात इल्मो मला भेटला. पुरुष बायकांना नाचायला विचारायचे आणि हा खांबाला टेकून उभा. सगळी संध्याकाळ उभा. बायकांनी विचारायची पाळी आली तेव्हा मीच जाऊन त्याला उचललं, नाहीतर आजही तिथेच उभा असता. लाकडी जमीन तीच आहे, रंग नवा दिलाय. पण माणसं! सगळे काळ्या कपड्यांत, छातीपर्यंत दाढ्या, सूर्य अजून तळ्यावर लख्ख, आणि हे आपले भुतासारखे उभे, डास मारत. तरी शिस्तीची माणसं. सॉसेजच्या रांगेत प्रत्येकामध्ये हातभर अंतर. एका दाढीवाल्याने मला पुढे जाऊ दिलं, कानात घालायला बोळे दिले आणि मोहरीची बाटली धरून उभा राहिला.

आधी तूलीचा बँड. अकॉर्डियन, कांतेलेच्या तारा, गिटारींचा कडकडाट आणि वर तिचं व्हायोलिन. पोरं हातात हात घालून गोल धावायला लागली. वाजवते चांगलं मेली. खोटं कशाला लिहू. माझा पाय ठेका धरायला लागला तेव्हा मी दुसऱ्या पायाने तो दाबला.

मग इल्मो आला. घरातलीच काळी बनियन, मीच धुतलेली. ढोलाचा एक ठोका पडला, आणि दुसरा पडेपर्यंत माझा एक बटाटा सोलून झाला असता. इतकं संथ. मग त्याने तोंड उघडलं. ग्रेडरचं पातं खडकावरून ओढावं तसा आवाज. मी मागे सरकले. सत्तावीस वर्षं ज्याच्या शेजारी झोपले त्याच्या पोटात हा आवाज होता, आणि मला माहीत नाही!

पण ते राहू दे. गाण्यांच्या मध्ये हा बोलला! माईक धरून म्हणाला, "संध्याकाळ चांगली आहे. आलात, बरं वाटलं. डास चावतायत का फार?" लोक हसले. तोही हसला. डास चावतायत का! मला कधी विचारलं? आम्ही तर दलदलीच्या काठावर राहतो!

तीनशे माणसं होती. तीनशे जणांना त्याने वर्षाचं बोलणं वाटून टाकलं. माझ्या वाट्याला बोट आणि मीठ.

शेवटच्या गाण्याला तूली परत वर आली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली. अगदी शेजारी. लोक आधी गप्प झाले, मग एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून एकच ओळ म्हणायला लागले. पुन्हा पुन्हा, डोलत. मला कळेना. एवढाले पुरुष डोळे पुसतायत आणि मी त्याची बायको, मला शब्द कळत नाहीत! शेजारी नाकात कडी घातलेली एक पोरगी होती. तिला विचारलं, काय म्हणतायत? तिने माझ्या कानाला तोंड लावलं.

"हळू चालव, बाळ झोपलंय."

मग तिने सगळंच सांगितलं. बर्फातला रस्ता आहे. पुरुष गाडी चालवतोय, शेजारी बाई, तिच्या मांडीवर टोपली. ती त्याला म्हणते, हळू चालव. आणि तो इतकी हळू चालवतो की मागच्या सगळ्या गाड्या पुढे जातात, उजाडायला येतं, तरी हे घरी पोचत नाहीत. म्हणाली, हे त्यांचं सगळ्यात लाडकं गाणं. मी विचारलं, बाई कोण? म्हणाली, तो सांगत नाही.

सांगत नाही. ते मला माहीत आहे.

कार्यक्रम संपल्यावर मी मंडपाच्या मागे गेले. तूलीची व्हॅन उभी होती. मागच्या सीटवर एक लहान पोर झोपलेली, चारेक वर्षांची, कानांवर आवाज अडवणारे मोठमोठे संरक्षक लावलेले. इल्मो तिथे आला. मला त्याने अजून पाहिलं नव्हतं. त्याने पोरीच्या अंगावर कोट सारखा केला आणि व्हॅनचं दार दोन्ही हातांनी धरून असं बंद केलं की आवाज नाही झाला. आमच्या घरात हा दारं आपटतो!

मग मला पाहिलं. तेवढ्यात मागून तूली आली. बोललीही तीच. माझे दोन्ही हात धरले. "राइली ना तुम्ही? किती दिवस म्हणत होते, एकदा भेटवा. इल्मो तुमच्याबद्दल फार बोलतो."

म्हटलं, काय बोलतो? तिला वाटलं मी गंमत करतेय. हसली. मी हसले नाही.

घरी येताना गाडी मी चालवली. जोरात.

१७ जून, सोमवार

कॉफी ओतून समोर ठेवली आणि सरळ विचारलं. तूलीची पोर तुझी आहे का?

त्याने कप खाली ठेवला. मी थोबाडीत मारल्यासारखं बघत राहिला. "नाही," म्हणाला.

मग गाडीतलं बाळ कोणाचं? ती बाई कोण?

कप उचलला, न पिताच ठेवला.

मी बोलले मग. सगळं बोलले. आपलं एक झालं होतं ना? एरो. दीड दिवस होता. त्याचं काही खरं नाही म्हटल्यावर नर्सनेच घाईघाईने डोक्यावर पाणी शिंपडून त्याला नाव दिलं. तेवीस वर्षं झाली. दर नाताळात आपण कबरीवर मेणबत्ती लावतो, शेजारी शेजारी उभे राहतो, पाय गारठले की परत येतो. इतक्या वर्षांत तू त्याचं नाव माझ्यापुढे एकदा घेतलं नाहीस. एकदा! आणि दुसऱ्या कुणाच्या बाळासाठी गाणं करतोस? तीनशे जणांना रडवतोस? माझ्या बाळाला एक शब्द नाही आणि त्या बाळाला एवढं मोठं गाणं?

माझा आवाज खूप चढला असणार, कारण शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

म्हटलं, बुधवारपर्यंत सांग. कोण ती आणि कोणाचं बाळ. नाहीतर मी सिर्काकडे राहायला जाते.

तो उठला, बूट घातले, ग्रेडरवर गेला. कॉफी तशीच.

१८ जून, मंगळवार

रात्री होडीच्या खोपटात झोपला. झोपू दे.

सिर्का म्हणते, तूलीलाच फोन कर, मोकळी हो. मी म्हटलं, तिला मी घड्याळातली वेळसुद्धा विचारणार नाही. सिर्का म्हणाली, मग माझ्याकडे ये, पण मांजरीच्या केसांवरून कटकट करायची नाही. बॅग काढून ठेवलीय. हिवाळ्याचे कपडे घ्यायचे की नाही ते कळत नाहीये.

त्या बाईला मी सारखी गाडीत बघते. चादरींच्या घड्या करताना बघते. तिचा हात त्याच्या गुडघ्यावर. टोपलीत बाळ, गरम, श्वास घेणारं. तूली नसेल तर आणखी कोणी. जी कोणी असेल तिचा मला इतका राग येतो की एका चादरीला आज चार वेळा घडी घातली तरी सरळ होईना.

हळू चालव म्हणे! आणि यानेही चालवली.

१९ जून, बुधवार

इल्मो बोलला. होडीच्या धक्क्यावर बसून जाळं सोडवत होता, माझ्याकडे बघितलं नाही. ती बाई तू, म्हणाला. एरोला दवाखान्यातच ठेवून आपण घरी येत होतो. रिकामी टोपली तू मांडीवर धरून बसलीस, आतल्या ब्लँकेटवर हात ठेवून. सगळा रस्ता तू म्हणत होतीस, हळू चालव, बाळ झोपलंय. म्हणून मी हळू चालवली. घरी आल्यावर तू ते पुन्हा काढलं नाहीस, म्हणून मीही नाही काढलं. इतकं सगळं बोलला.

मला नाही आठवत. दवाखान्याचं दार आठवतं आणि त्यानंतर एकदम आमचं स्वयंपाकघर. मधलं काही नाही.

मग त्याने जाळं खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं.

"शब्द तुझे आहेत, राइली. गायचं की नाही ते तू ठरव. पुढच्या शुक्रवारी औलूला कार्यक्रम आहे. गुरुवारपर्यंत मला सांग."