महिन्याचं रनिंग

दिंडोशी, गोरेगाव (पूर्व)
४ नोव्हेंबर २०२५

ती. रत्नाताईंना,
गंधालीचा सा. न.

दिवाळीचा फराळ पोचला असेल. चकल्या जरा मऊ पडल्या, सांभाळून घ्या. जान्हवीची कॉलेजची परीक्षा संपली. तुमचे गुडघे कसे आहेत? तेल लावता ना?

पत्र पाहून नवल वाटेल. पण तुमचा आवाज फोनबाहेरही ऐकू येतो आणि आमचं घर केवढं ते तुम्हाला माहीत आहे. मला जे विचारायचंय ते तुमच्या भावाच्या कानावर जायला नको.

आम्ही गाडी घेतोय. तुम्हाला हे आधीच ठाऊक असणार.

जुनी गाडी विकणार, हे मला यांनी जेवताना सांगितलं, कोशिंबिरीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. ‘फॅमिली कार,’ म्हणाले. ‘सात सीटची. डिझेल.’ जान्हवी हसली. ‘पप्पा, आपण तिघं. बाकीच्या सीटवर काय भाजी ठेवायची?’ हे म्हणाले, ‘गावाला जाताना लागते.’ ताई, गावाला आपण गणपतीला जातो आणि मे महिन्यात. त्यातही मे महिन्यात यांना रजा मिळेलच असं नाही.

रविवारी शोरूमला गेलो. तिथल्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘सर, महिन्याचं रनिंग किती?’

हे म्हणाले, ‘दोन हजार किलोमीटर होईल.’

मी शेजारी बसले होते. आमची गाडी महिन्यात चार वेळा बाहेर निघते. माझ्या आईकडे आणि बाजारात. ऑफिसला तर हे बसने जातात.

बाईंना शंका आली असावी. म्हणाल्या, ‘शहरातच फिरवणार असाल तर पेट्रोल घ्या सर. डिझेलला लांबची धाव लागते, नाहीतर धुराचा फिल्टर तुंबतो. मग लोक आमच्याशीच भांडायला येतात.’

‘धाव लांबचीच आहे,’ हे म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता मागच्या सीटवर जाऊन बसले. गुडघे टेकतात का ते पाहिलं. मग तिसऱ्या रांगेत शिरले, तिथेही बसून पाहिलं. एवढ्या आस्थेने यांनी आमचं घर घेतानाही खोल्या पाहिल्या नव्हत्या.

आणखी एक. गाडी माझ्या नावावर करायची म्हणतात. कर्जही माझ्याच पगारावर. गॅसचं कनेक्शनसुद्धा स्वतःच्या नावावर ठेवणारा माणूस, ताई. मी कारण विचारलं तर म्हणाले, ‘तुझं नाव शुभ आहे.’ लग्नाला इतकी वर्षं झाली, माझं नाव शुभ असल्याचं आत्ता कळलं. शनिवारी, पंधरा तारखेला, सही करायची आहे.

आता जे लिहायला बसले होते ते लिहिते.

आमच्या मजल्यावरचे सुबोध भावजी मासळी आणायला गोराईला जातात. त्यांनी यांना जेट्टीवर पाहिलं. दुपारी, कामाच्या दिवशी, मी सकाळी अंधेरीच्या ऑफिससाठी भरून दिलेला डबा खाताना. भावजी सहज सांगून गेले. मी म्हटलं, हो, कंपनीचं काम असतं तिकडे. खोटं किती पटकन सुचतं.

एवढ्या लांब कोणासाठी जायचंय? कोणाला बसवायचंय त्या सीटांवर? तुम्हाला स्पष्टच विचारते. गोराईला कोणी आहे का?

आणि दसऱ्यानंतर यांना तुमचा फोन आला होता तेव्हा मी ओट्यापाशी होते. ‘देवान उजवो कौल दिल्यान, आता मागे सरू नको,’ असं तुम्ही म्हणालात. पाकळी देवाच्या उजव्या अंगाने पडली तर होकार, एवढं मला तुमच्या घरात येऊन कळलंय. पण पाकळी पडण्याआधी गुरव काहीतरी विचारतो. डिझेल की पेट्रोल, हे कोणी देवाला विचारत नाही. देवाला काय विचारलंत, ताई?

तुमची
गंधाली

*

८ नोव्हेंबर

गंधाली,

तुजा पत्र गावला. गोराईक कोण नाय गो बाये.

तुझ्या घोवाची, सहदेवाची, नोकरी गणपतीनंतर गेली. कंपनीन ऑफिस हलवल्यान आणि जुन्या माणसांक घरी बसवल्यान. माका दसऱ्याक सांगल्यान, शपथ घालून. दिवसभर घरात बसलो तर तुका कळात, म्हणान तिकडे जावन बसता. गाडी घेवन मुंबई ते गाव माणसा आणूची-न्हेवची, असो त्येचो बेत.

मी म्हटलंय, आधी देवाक विचारूया. गुरवान गाऱ्हाणा घातल्यान, ‘म्हाराजा, बायकोक विश्वासात घेवन गाडी घेतली तर बरकत येतली काय?’ देवान उजवो दिल्यान. तुझ्या घोवाक त्यातली फक्त गाडी ऐकाक इली. तुका सांगूक मागे सरू नको, असा मी फोनार सांगी होतंय.

शपथ आज मोडलंय. देव माका बघून घेयत. सही करूची काय नाय, ता तू ठरव. गुडघे तसेच आसत.

रत्ना

*

गोरेगाव
१६ नोव्हेंबर २०२५

ती. रत्नाताई,

तुमचं पत्र बुधवारी आलं. संध्याकाळी हे आले, नेहमीसारखे दमलेले. दमल्याचं नाटक नव्हतं, हे मला आता कळतंय. मी विचारलं, ‘गोराईला वारा होता का?’

एक बूट पायात, एक हातात. ‘कोणी सांगितलं?’

‘देवाने. तुम्ही कौलातलं अर्धंच ऐकलंत. उरलेलं माझ्याकडे पोचलं.’

हातातला बूट खाली ठेवला. मग म्हणाले, ‘तू काही बोलली नसतीस गं. डबा भरून दिला असतास फक्त. तेच सहन झालं नसतं.’ मी त्यांच्या पिशवीतला रिकामा डबा काढून घासायला घेतला, आणि त्यांचंच खरं ठरल्यासारखं झालं. मी रडले, ते वेगळ्या कारणाने. इतके दिवस मी त्यांच्या शर्टाचा वास घेत होते, ताई. दुसऱ्या बाईचा शोध घेत होते. माणसाची नोकरी गेल्याचा वास कसा असतो, ते मला माहीत नव्हतं.

काल सहीला गेलो. कागद पुढे आले तेव्हा कळलं की हे पांढऱ्या पाटीची गाडी घेतायत. घरगुती म्हणून घ्यायची आणि गुपचूप भाडी मारायची. सगळे तसंच करतात म्हणे. मी पेन खाली ठेवलं.

‘पिवळी पाटी. परमिटसकट. नाहीतर माझी सही नाही.’

‘अगं, पिवळी पाटी खाली उभी राहिली की सगळ्या कॉलनीला कळेल.’

‘कळू दे. पुन्हा लपवाछपवी माझ्या नावावर नको.’

शोरूमच्या बाई पाणी आणायच्या निमित्ताने उठून गेल्या. मग कागद यांनी स्वतःच मागे सरकवले आणि बाई परतल्यावर म्हणाले, ‘टुरिस्ट टॅक्सीच्या परमिटवर करा.’ मी सही केली.

सगळं मिटलं असं समजू नका. आज सकाळी हे दूध आणायला गेले, तर मी खिडकीतून पाहिलं, कुठल्या दिशेला वळतात ते. दुधाच्याच दिशेला वळले. तरी दिसेनासे होईपर्यंत उभी होते. ही सवय कधी जाईल सांगता येत नाही. तुम्ही शपथ मोडलीत त्याबद्दल मी ऋणी आहे. इतके दिवस पाळलीत त्याचा राग आहे. दोन्ही मनापासून.

गाडीची पहिली फेरी गावालाच. मी पुढे बसेन. देवळात जाऊ तेव्हा गाऱ्हाण्याला मलाही उभं करा, पूर्ण ऐकायचंय.

याच घरात राहून जिला सगळ्यांत शेवटी कळलं, ती
तुमची भावजय
गंधाली