तुझी उत्तरपत्रिका

आई,

तुला हे वाचता येणार नाही हे कळतं मला, तरी लिहितेय. रविवारची दुपार आहे, भांडी तशीच पडलीत आणि उठावंसं वाटत नाही. रडूबिडू येत नाहीये, उगाच घाबरू नकोस. काहीच येत नाहीये. गुरुवारपासून असंच चाललंय. जेवते, झोपते, खालच्या वॉचमनशी बोलते, आणि आत सगळं गार.

मी काय काम करते ते तुला कधी नीट कळलं नाही. कंपनीत माणूस घेण्याआधी त्याचा स्वभाव तपासायची चाचणी असते, अंधेरीच्या ऑफिसात बसून मी त्या चाचण्या घेते. तू चाळीत सांगायचीस, "माझा चेडू माणसां तपासता." शेजारणीला वाटायचं तुझी मुलगी डॉक्टर. तिने एकदा मला जीभ काढून दाखवली होती, आठवतं? तू पदराआड हसत होतीस आणि मी चिडले होते. मला तेव्हा कशाचाही राग यायचा. आता तेवढाही येत नाही.

गुरुवारी झालं ते इतकंच, की वरून हुकूम आला, ऑफिसातल्या सगळ्यांनी स्वतः चाचणी द्यायची, मीसुद्धा. वीस वर्षं दुसऱ्यांच्या घेतेय, म्हटलं त्यात काय, पंधरा मिनिटांत उरकून टाकली. संध्याकाळी माझ्या हाताखालची मुलगी कागद घेऊन आली. आधी हसत होती, मग हसायचं थांबली. "मॅडम, तुमचा लाय स्केल वर गेलाय. तुम्हीच असं केलंत तर वाट लागली ना आमची!" मग हळूच म्हणाली, "परत देता का? कुणाला कळणार नाही." तिने अगदी साधेपणाने विचारलं, आणि मला एकदम आपलं कांजूरमार्गचं स्वयंपाकघर दिसलं.

मी एम.ए.ला होते. प्रॅक्टिकलच्या जर्नलसाठी प्रत्येकीने एका माणसाची चाचणी घेऊन त्याचा स्वभाव लिहायचा होता. बाकीच्यांनी मैत्रिणी धरल्या, मी तुला धरलं, कारण तू घरातच होतीस आणि तुला नाही म्हणता यायचं नाही. तोही असाच रविवार. कचऱ्याच्या डम्पिंगकडून वारा सुटलाय म्हणून खिडकी लावलेली, तुझं नारळ खवून झालेलं. मी म्हटलं, बस, साठ प्रश्न आहेत, हो किंवा नाहीच्या चौकोनात खूण कर. तू म्हणालीस, "थांब गो." मोरीत गेलीस, तोंड धुतलंस, लग्नाकार्यातली निळी साडी नेसून आलीस आणि पाटावर मांडी घालून बसलीस. सातवीनंतर पहिल्यांदा तू परीक्षेला बसत होतीस. पेन्सिल मुठीत धरल्यासारखी धरलेलीस. खुणा अशा दाबून करत होतीस की मी ओरडले, अगं कागद फाटेल, डिपार्टमेंटच्या शिक्क्याचा एकच मिळतो. मधे एकदा तू थांबलीस आणि विचारलंस, "ह्यां कोण वाचतला?" मी म्हटलं, "मॅडम." तू मान हलवलीस आणि परत खाली बघून लिहायला लागलीस.

त्या साठांत काही प्रश्न पकडायला घातलेले असतात, हे मी तुला सांगितलं नव्हतं, सांगायचं नसतंच. कधी कुणाच्या पाठीमागे बोललात का? दिलेला शब्द कधी मोडलात का? मुलांवर उगाच हात उगारलात का? सगळ्याला जो नाही म्हणतो तो स्वतःला चांगला दाखवतोय असं धरतात आणि अख्खी चाचणी बाद करतात. त्यालाच लाय स्केल म्हणतात. तू त्या सगळ्या पकडायच्या प्रश्नांना नाही म्हणाली होतीस. तू, जिने मला झाडूने बडवलं होतं! मी गुण मोजले आणि डोकंच फिरलं. उद्या जर्नल द्यायचं आणि हिने वाट लावून ठेवलीय. म्हटलं, "आई, खोटं लिहिलंस तू." तू गोंधळलीस. "घरातला बाहेरच्यांका कित्याक सांगूचा? तुझे मार्क जातले मां." तुला वाटलं होतं तुझ्या चांगुलपणाचे मार्क मला मिळणार. मग तू निळ्या साडीतच, पेन्सिल हातात धरून विचारलंस, "मी नापास झालंय काय गो?"

मी म्हटलं, "हो."

तू साडी बदललीस आणि वाटप वाटायला घेतलंस. मी त्याच कागदावरच्या तुझ्या खुणा खोडल्या आणि तू मला जशी वाटायचीस तशी तुला भरून काढली. थोडी निंदा दिली, थोडा राग दिला, दोनचार मोडलेले शब्द दिले, म्हणजे तू नॉर्मल दिसशील. आठवडाभर तू मधूनमधून विचारत होतीस, "परत देवक मिळतला काय? आता खरा लिवतंय." मी म्हणायचे, तारीख गेली. तारीख कसली गं, मॅडमनी ती आठवडाभर पुढे ढकलली होती, कागद तर दप्तरातच होता. मॅडमनी शेरा मारला, 'छान निवडलेली व्यक्ती, समतोल स्वभाव.' तो मी तुला वाचून दाखवला आणि तू खूश झालीस. म्हणालीस, "म्हणजे पास मां?"

आम्हाला माणसाबद्दल डझनभर सिद्धांत शिकवले. एक म्हणतो, माणूस लहानपणीच घडून बसतो आणि का तसा झाला हे त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. दुसरा म्हणतो, ते सोडा, पाच मापं घ्या, किती बोलका, किती काळजीखोर, किती शिस्तीचा वगैरे, झाला माणूस. तिसरा म्हणतो, माणूस असा तसा नसतोच, जागा बदलली की तोही बदलतो. तू कामाला जायचीस तिथल्या पॅकिंगमधल्या बायका तू गेल्यावर भेटायला आल्या आणि सांगायला लागल्या, ही गोळ्यांची पाकिटं भरताना सुपरवायझरची काय नक्कल करायची, हसून हसून आमचे हात थांबायचे. मी आणि बाबा एकमेकांकडे बघत राहिलो. घरात तू बोलायचीस ती भाताचं, पाण्याचं आणि कुणाच्या डब्याचं. त्या दिवशी मला पहिलं काय सुचलं सांगू? की तिसरा सिद्धांत बरोबर आहे. आई गेल्याला तेरा दिवस झाले होते आणि मी सिद्धांत तपासत होते.

गुरुवारी घरी आले आणि माळ्यावरून ते जर्नल काढलं. मुलुंडच्या या घरात ते कसं आलं देव जाणे, मी तर टाकून दिलं असं धरून चालले होते. तुझं मोजलेलं असं जगात तेवढंच, आणि तेही मी लिहिलेलं. पण तू इतकं दाबून लिहिलं होतंस की खोडूनही कागदाला वळ राहिलेत. मागून बोट फिरवलं की लागतात. मी साठही चौकोन बोटाने तपासले. नाही, नाही, नाही, सगळं तसंच, जसं तेव्हा मोजलं होतं. फक्त सदतिसाव्या प्रश्नाला वळ 'हो'च्या चौकोनात आहे. भरल्या घरातही तुम्हाला एकटं वाटतं का, असा प्रश्न आहे तो. वरची ठळक खूण 'नाही'ला, ती माझी.

आपलं घर म्हणजे एक खोली, त्यात आपण तिघं आणि गावाहून आलेले दोन काका. तुला टेकायला भिंत मिळायची नाही. त्याच घरात बसून माझ्या मार्कांसाठी तू एकोणसाठ वेळा स्वतःला चांगलं दाखवलंस आणि एकदा मात्र तुझ्या हाताने ऐकलं नाही.

शुक्रवारी मी चाचणी परत दिली. या वेळी लाय स्केल बरोबर बसवला, पकडायचे प्रश्न मला पाठच आहेत. आमच्या चाचणीतही एकटेपणाचा एक प्रश्न आहे, शब्द वेगळे. मी त्याला दोन्ही वेळा 'नाही' लिहिलं. या घरात मी एकटीच राहते, भरल्या घराचा प्रश्नच येत नाही, असं स्वतःला सांगितलं. ती पोरगी म्हणाली, "झकास मॅडम, एकदम समतोल." मी थँक्यू म्हटलं.

आता भांडी घासते. हा कागद जर्नलमध्ये ठेवणार नाही, फाडणार आहे, पण एक राहिलंय ते लिहून मग फाडते. सदतिसावी खूण माझ्याकडून नजरचुकीने खोडली गेली, असं मी तीन दिवस स्वतःला सांगतेय. तसं नव्हतं, आई. मी ते 'हो' वाचलं होतं. खोडरबर हातात धरून मी तुझ्याकडे बघितलंही होतं, तू पाठमोरी वाटप वाटत होतीस. मला वाटलं, जर्नल देऊन झालं की विचारू.