हाड जुळतंय

३ मार्च
नव्या नोकरीचा पहिला दिवस मजेत गेला. रक्ततपासणीच्या खोलीत खिडकीजवळची जागा मिळाली, चहा बरा आहे, आणि मोठ्या मॅडमनी नाव विचारायच्या आधी जेवलीस का ते विचारलं. काम सोपं. जबडा किंवा गालाचं हाड मोडलेल्यांचं रक्त तपासायचं. हाड जुळायला लागलं की रक्तातलं एक एन्झाइम वाढतं, जुळून झालं की उतरतं. तुलनेला धडधाकट माणसाचं रक्त लागतं. म्हटलं, माझं घ्या, फुकटात आहे. मॅडम खळखळून हसल्या.

९ मार्च
शिडीवरून पडलेल्या वायरमनचं रक्त घेतलं. जबडा तारांनी बांधलेला, लाळ गळत होती. बायको औषधं आणायला गेलेली. हातमोजे संपले होते, मीच उघड्या हातानं लाळ पुसली. बिचारा डोळ्यांनी हसला.

२ एप्रिल
वायरमनचं एन्झाइम उतरायचं नाव घेत नाही. एक्स-रेत भेग कधीच बुजलीय, पण हाड वाढायचं थांबलेलं नाही. दातांमधल्या फटीसुद्धा भरल्यात. तारा काढल्या तरी तोंड उघडत नाही. दुखतं का विचारलं, तर त्यानं कागदावर लिहिलं, काहीच कळत नाही. बायको म्हणाली, माझीही हनुवटी हल्ली बधिर असते, जागरणानं असेल. त्याची लाळ रोज तीच पुसते.

५ एप्रिल
धडधाकट म्हणून लावलेल्या माझ्या रक्तातलं एन्झाइम वर गेलंय. मॅडम म्हणाल्या, नळ्यांची अदलाबदल केलीस, लक्ष कुठंय तुझं? पुन्हा घेतलं. त्याहून वर. मॅडमनी खुर्ची जरा मागे सरकवली.

८ एप्रिल
खालचा ओठ माझा वाटत नाही. गरम चहा हनुवटीवरून ओघळला. कातडी लाल झाली, मला कळलं नाही. घाबरायला हवं होतं. नुसती आरशात बघत बसले.

११ एप्रिल
वायरमन गेला. नाकही हाडानं बुजलं होतं. बायकोला आता दाखल केलंय — तिचं तोंड —
आईचा फोन आला. मी नुसतीच हुं हुं. रडतेयस का गं, म्हणाली. मग म्हणाली, निघतेच मी.
येऊ नकोस, असा मेसेज टाकला. ती मेसेज कुठं बघते.

१३ एप्रिल
दात एकमेकांत — एकाच नाकपुडीनं श्वास —
आई आली. लाळ बघून जवळ बसली. हातानंच पुसतेय. ढकललं तिला. तिला वाटलं, लाजतेय.
वही तिच्यासमोर धरलीय. ती चष्मा शोधतेय. त्याच हातानं स्वतःचे डोळे, तोंड पुसत —
आई, हात लावू नकोस, आधी हात धु