बिंदगं कुणी सांडलं

माय, मी मागच्या आठवड्यात नांदेडला सिनेमा बघितला आणि भर टॉकीजमध्ये उभी राहून ओरडले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं तू "हिला काय झालं बाई" म्हणत बसायची नाहीस. तुला वाचता येत नव्हतं ते मला ठाऊक आहे. आमचे दादा, तुझे मालक, नको नको म्हणत असताना मला तिसरीपर्यंत शाळेत तूच धाडलंस, तेव्हा लिहिणं माझं आणि ऐकणं तुझं, असं समज.

नातीनं नेलं होतं. माझ्या थोरल्या लेकीची लेक. तू तिला बघितलं नाहीस, पण ती चालते ना, ती थेट तुझ्यासारखी, दोन्ही हात हलवत, रस्ता आपल्या बापाचा असल्यासारखी. नांदेडला नोकरी करते. फोन केला, "आज्जी, आपल्याकडचा सिनेमा आलाय, येळवशीचा! चल." मी हरखलेच. आपल्या येळवशीवर कुणी सिनेमा काढेल असं वाटलं होतं का कधी? पुण्याकडच्या लोकांना तर सांगावं लागतं, की बाबांनो, त्या अमावस्येला आमच्याकडं सगळं गाव रानात जेवायला जातं, कडब्याचं खोपटं, कोप म्हणतो आम्ही, उभं करतात, पाच दगडांना चुना लावून पांडव मांडतात, आणि मग भज्जी, उंडे, ताकातली आंबील. तर मी हदगावहून सकाळच्या गाडीनं निघाले, नवं पातळ नेसून. टॉकीजची खुर्ची मागं कलते, माय. मी तीनदा कलवून बघितली. नात म्हणाली, "आज्जी, पाळणा न्हाई तो." म्हटलं, असू दे, मला कुणी पाळण्यात घालून किती वर्षं झाली.

आता सिनेमा ऐक. त्यातला गडी चाळीस-बेचाळीसचा. बाप मेला म्हणून पुण्याहून गावी येतो आणि स्टँडवर घ्यायला कुणी आलं नाही म्हणून रुसतो. अरे, तुला घ्यायला येणारा होता तोच गेला ना! घरी आल्यावर आईला काय विचारतो, तर माझी गोधडी कुणी वापरली? शाळेतल्या दोस्ताशी गोट्यांच्या जुन्या भांडणावरून झोंबतो, त्या दोस्ताला टक्कल पडलंय तरी. इथवर मीही हसले, खोटं कशाला बोलू. मग येळवस येते. बापाच्या अस्थी गाडग्यात घालून, तोंडाला फडकं बांधून बांधावरच्या लिंबाला टांगलेल्या. घरात नेत नाहीत ना आपण. आणि त्याच लिंबाला शेजाऱ्यांनी कुत्र्यांच्या भीतीनं आंबिलीचं बिंदगं टांगलेलं, तेही मातीचंच मडकं, त्यालाही फडकं. हा बाबा म्हणतो, लहानपणापासून रानात आंबील मीच शिंपडतो, शेजाऱ्यांची असली म्हणून काय झालं, मान माझाच. आणि भलतंच गाडगं काढतो, माय! बापाला घेऊन ज्वारीतून पळतो, मूठ मूठ शिंपडत!

टॉकीज हसून आडवं झालं. माझं मात्र डोकं फिरलं. नातीला विचारलं, "ह्यांच्या घरी सुतक हाय ना गं? मग ह्यो रानात कसा हिंडून राहिला?"

"आज्जी, हळू बोल."

"आन् शेजारीण सुतकातल्या माणसाला आंबिलीला हात लावू देती व्हय? आपल्याकडं काठीच घेतली असती."

"सिनेमा हाय तो, आज्जी."

"सिनेमा हाय म्हणून सुतक फिटतंय का?"

पुढच्या रांगेतला एक बाप्या वळून म्हणाला, "मावशी, पुढचा सिनेमा तुम्हीच काढा." म्हटलं, "काढीन की. तुला कोपीवर राखण ठेवीन."

पण ओरडले ती ह्यावरून नाही. पुढं सगळं गाव गोळा होतं, मुठीत राख घेऊन हा तसाच उभा, तोंड लहान लेकरासारखं. आणि त्याची आई पुढं येऊन सांगते, "मीच सांगितलं त्याला. ह्यांची तशीच इच्छा होती, शेजाऱ्याच्या का होईना, ज्वारीत जाऊ द्या म्हणून." सपशेल खोटं. मेलेल्या नवऱ्याच्या नावानं, साऱ्या गावापुढं. त्यावर लोक असे हसले, असे हसले, की मी उठलेच. "हसून काय राहिले रे? माय हाय ती त्याची!" तर लोक आणखी हसले. त्यांना वाटलं, म्हातारी सिनेमातलीच. नातीनं पदर ओढून खाली बसवलं. जिन्यात एक पोरगी मैत्रिणीला म्हणत होती, कसली बावळट आई दाखवलीय! बावळट! तिला थांबवून विचारणार होते, तुझी शहाणी आई काय करती गं, पोराला गावाच्या हवाली करती का? पण गुडघे जिन्यात साथ देत नाहीत.

सारखा संताप येत होता. सुतक माहीत नाही, आंबील दुधासारखी पांढरी फेक, आणि आईला काम काय, तर मार खाल्ल्यासारखं तोंड करायचं आणि खोटं बोलायचं. नातीनं उसाचा रस पाजला, पंख्याखाली बसवलं आणि विचारलं, "पण आज्जी, चाळिशीचं माणूस खरंच असं वागतं का गं?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "वागतं की. तुझ्या मामाआजोबानं न्हाई का येळवशीला भरलं बिंदगं लवंडलं! रुसून! लेकराचा बाप झाल्यावर!"

बघ माय. भावावर ढकललं. रसाचा पेला खाली ठेवायच्या आत.

आता तुला ती येळवस सांगायला नको, तरी सांगते. मी तेव्हा चाळिशीची, लेकीला स्थळं बघून राहिले होते. आपल्या घरची रीत, की आंबिलीचं बिंदगं रानात न्यायचं ते घरच्या थोरल्या लेकीनं, डोक्यावर, वाटेत कुणाशी न बोलता. दरसाल त्यासाठी मी हदगावहून चाकूरला येत होते. त्या साली लोह्याजवळ जीपचं टायर बसलं. मी पोचले तर घराला कुलूप. तशीच पिशवी घेऊन रानात आले, तर कोपीत बिंदगं मांडलेलं, आणि भावजय चुन्याचे हात धुऊन राहिलेली. तिनंच आणलेलं. एवढंच नाही, त्या साली तुझे हात दुखत होते म्हणून आंबीलही पहिल्यांदा तिनंच केलेली. तू म्हणालीस, "आलीस का गं? बस, पाणी पी." बस, पाणी पी! पाहुणीला म्हणतात तसं!

मग तुम्ही सगळे विहिरीवर गेलात, पांडवांना पाणी आणायला. मी पाय दुखतात म्हणून कोपीत राहिले. परत आलात तेव्हा बिंदगं आडवं, आंबील कडब्यात जिरलेली, अजून पूजा व्हायची होती. भावजय मटकन खाली बसली. दादा असे ओरडले की पलीकडच्या रानातली माणसं उभी राहिली. आणि तू म्हणालीस, "माझाच धक्का लागला. जाताना पदर अडकला जणू." दादा म्हणाले, "दिसत न्हाई तर घरी बसावं म्हातारीनं." सगळ्यांपुढं म्हणाले. शेजारच्या रानातून तांब्याभर आंबील मागून पूजा झाली. मागून, माय, आपल्या घरानं. तू माझ्याजवळ आलीस, माझ्या पायाच्या बोटांत आंबील होती ती पदरानं पुसलीस. निघताना ओटी भरलीस तेव्हा एकच वाक्य, हळू: "चाळिशी आली, आता तरी मोठी हो." त्या वाक्याचा मला कैक वर्षं राग होता. मला उशीर झाला तर थांबता आलं नाही, आणि वरून मलाच मोठी हो! पुढच्या दोन येळवशी मी आलेच नाही. तिसरीला आले, तेव्हा तू नव्हतीस.

आता पुढचं. नात म्हणजे आकाशवाणी. तिनं घरातल्या सगळ्यांच्या फोनवर ते लिहून टाकलं. झालं! त्र्याहत्तर वर्षांच्या माझ्या भावाचं नाव पडलं आंबील आजोबा. पणतवंडंसुद्धा फोनवर विचारून राहिली, आंबील आजोबा, कशी सांडली? आणि येत्या येळवशीला सगळे चाकूरच्या रानात जमणार, तिथं भावानं बिंदगं आडवं करून दाखवायचं, नाटकासारखं, असा ह्यांचा बेत. भावजयीपुढं! ती अजून दरसाल आंबील करते. मी म्हटलं, आता भाऊ मला फाडून खाईल. रात्रंदिवस तीच जिकीर. शेवटी मीच फोन लावला.

"काय म्हणती आक्का? मी सांडलं व्हय?" आणि हसतोय.

"तू सांगितलं न्हाईस का पोरांना, की मी न्हाई म्हणून?"

"कशाला? म्हातारपणी तेवढंच नाव निघालं. मायनं एकदा आपल्या अंगावर घेतलं, एकदा मी घेतो."

"म्हंजे तुला..."

"मी कोपीच्या मागंच हुतो गं, कडब्याच्या पेंढ्या लावत. बघितलंय मी समदं."

काय काय बघितलंस, ते मी विचारलं नाही. फोन ठेवला आणि खरी संतापले, ह्या खेपेला कुणावर ते तूच ओळख. तू गेलीस, भाऊ पस्तीस वर्षं मुका बसला, आणि मी टॉकीजमध्ये उभी राहून लोकांना शिकवते, हसू नका म्हणून! त्या गड्यानं निदान गाडगं चुकून उचललं होतं.

काल नातीला फोनवर सांगून टाकलं, सांडणारी मी होते. ती इतका वेळ हसली की मी फोन चुलीपाशी ठेवून भाकरी उलटून आले. मग म्हणाली, "मग आता बिंदगं आडवं करून तूच दाखवायचं, आज्जी." म्हटलं, दाखवायचं काही नाही, परवा येळवशीला भावजयीपुढं सगळ्यांदेखत सांगणार आहे. "पण सांडलीस कशाला गं?" म्हटलं, उशीर झाला होता, मान गेला, राग आला. तिला पटलं. त्यात खोटं काही नाही.

पण पुरतं खरंही नाही, आणि ते भावजयीला सांगायच्या आधी तुला सांगावं म्हणून हे लिहायला बसले. हे पत्र कुठं धाडायचंही नाही, पिठाच्या डब्याखाली ठेवीन. तुम्ही विहिरीकडं वळलात ना, तेव्हा मी फडकं सोडून आधी एक वाटी आंबील प्याले. मग दुसरी प्याले. तुझ्यापेक्षा चांगली झालती, माय. लई चांगली. आता सगळे जेवायला बसतील आणि कुणीतरी तुझ्यापुढं ते बोलेल, एवढंच माझ्या डोक्यात आलं, आणि मी बिंदग्याला पाय लावला.