कुलपातली वल्ही

प्रिय सिपोरा,

शालोम. मंगळवारी सकाळी प्रार्थना आटोपून मी लॉजची होडी एकट्यानेच तलावाच्या मध्यावर नेली. दोराला दगड बांधून पाण्यात सोडला. सगळा दोर संपला, तरी दगड तळाला टेकला नाही.

इथेच आपली लेक तामार आणि मायकल साखरपुड्याच्या फोटोंसाठी होडीत उभे राहणार आहेत, तेही लाइफ जॅकेट न घालता. फोटोवाला आदेश, आपल्या बाजूचाच, पेणचा, होडीतून जागा बघताना मला म्हणाला, "काका, जॅकेटात फोटोची मजा नाय. पाणी कंबरभर हाय." स्वतःचं जॅकेट मात्र त्याने काठावर येईपर्यंत काढलं नाही. तेव्हाच मला शंका आली.

रोह्यात नदीकाठी वाढूनही तामारला पोहता येत नाही. म्हणून मायकलला फोनवर विचारलं, "तुला तरी येतं ना रे?"

"पप्पा, तिथला सकाळचा उजेड एक नंबर!"

पुन्हा विचारलं, तर पुन्हा उजेडच. जावई म्हणून मुलगा वाईट नाही. तरी त्याला पोहता येतं का, ते त्याच्या आईला सहज विचारून बघ. तामारला कळू देऊ नकोस, फुगून बसेल.

माझी तब्येत उत्तम आहे. दिवसभर लॉजच्या स्वयंपाकघरात चुलीपाशीच असतो, थंडीची काळजी नको. अंगणातले वाल सुकले का? तू पाठवलेले पोहे राखून ठेवलेत. दोघं सुखरूप परतली की त्यांचा गोड मलिदा करीन, असा नवस एलियाहू हन्नबीला बोललोय.

लॉजला होडी एकच आहे. आज मालकांना सांगून तिची दोन्ही वल्ही माझ्या धान्याच्या कोठीत ठेवली आणि कुलूप लावलं. फोटो काठावर निघतील.

तुझाच,
नथानियल